उरी म्हणजे आपलं की आमचं?

परवा कितीतरी महिन्यांनी झालेल्या व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, "आजी, तुझ्या मागची हिरवी भिंत कुठे गेली?" ती भिंत म्हणजे माझा भोपळ्याचा मांडव. मी उत्तर द्यायच्या आतच तिकडून तुमची आई म्हणाली, "अरे, आजी थकली आता. किती दिवस माती उकरत बसणार?" फोन तुमच्या मामाच्या हातात होता, म्हणून मी नुसती हसले.

मी थकलेले नाही. गुडघे दुखतात, पण ते भोपळ्याच्या आधीपासून दुखतात. बाग का गेली ते तुम्हाला लिहून पाठवते आहे, आणि मराठीत लिहिते आहे. तुम्हाला इंग्रजी वाचायला सोपं जातं हे मला ठाऊक आहे. माझंही शिक्षण सगळं इंग्रजीतूनच झालं. पण ही गोष्ट इंग्रजीत सांगताच येत नाही. का, ते पुढे कळेल.

मला सगळं क्रमाने सांगायची सवय आहे, म्हणून सुरुवात कोरियापासून करते.

तुमची आई तेव्हा कॉलेजात हॉस्टेलवर राहत होती आणि मामा शिकायला सिडनीला गेला होता. आजोबांच्या कंपनीने त्यांना दक्षिण कोरियातल्या एका कारखान्यावर पाठवलं. कारखान्याच्या वसाहतीत जागा नव्हती, म्हणून जवळच्या खेड्यात एका म्हाताऱ्या बाईच्या घराचा अर्धा भाग आम्हाला मिळाला. बाई एकटीच राहायची. सगळं गाव तिला हाल्मोनी म्हणायचं, म्हणजे आजी. मीही तेच म्हणू लागले. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. झालेली. जगात कुठेही आपलं अडणार नाही अशी माझी समजूत होती. त्या गावात मात्र माझं इंग्रजी मिठाची पिशवी आणि साखरेची पिशवी ओळखण्याच्याही कामाचं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात आजोबांनी खारट चहा संपवला आणि कप धुऊन ठेवला.

घरामागे हाल्मोनीचं शेत होतं. आपल्याकडच्या मानाने ते शेत नव्हेच, लग्नाच्या मांडवाएवढा तुकडा. पण त्यात एक वीतभर जागा मोकळी नसायची. मिरच्या, लसूण, मुळे, लांबट कोबी, बांधावर सोयाबीन. आणि एका बाजूला केन्निप. हे पान तुळशीच्या जातीचं, पण तळहाताएवढं मोठं. भात, लसूण, तिखट असं काही त्यात गुंडाळून तोंडात टाकायचं. त्याच्या बिया कुटल्या की थेट कारळ्याच्या चटणीची आठवण येते.

गेल्यावर दोन-तीन दिवसांतच हाल्मोनीने मला हाताला धरून मागे नेलं, सगळ्या शेतावरून हात फिरवला आणि म्हणाली, "उरी बात." मला वाटलं, हिला काहीतरी बात करायची आहे. संध्याकाळी आजोबांनी ऑफिसातल्या दुभाष्याला विचारलं. बात म्हणजे शेत, आणि उरी म्हणजे अवर. अवर फील्ड! मला केवढा आनंद झाला. आपल्या मराठीत उरी म्हणजे उराशी. शब्द ऐकताच मला तो जवळचा वाटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोपली घेऊन गेले आणि केन्निपची कोवळी पानं खुडत सुटले. टोपली भरत आली तेवढ्यात हाल्मोनी बाहेर आली. "आइगो!" ती ओरडली. आइगो म्हणजे त्यांचं 'अगं बाई गं'. पुढे ती जे बोलली त्यातलं अक्षर कळलं नाही, पण सूर कळला. ती पानं तिने बाजारासाठी राखून ठेवली होती.

दुभाष्याला बोलावून समेट करावा लागला. तो पोट धरधरून हसला. म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे 'माझं' म्हणत नाहीत, सगळ्यालाच 'उरी' म्हणतात. उरी घर, उरी आई. बायका तर नवऱ्यालाही उरी नवरा म्हणतात. म्हणून काही तो सगळ्यांचा होत नाही."

मराठीत ही चूक झाली नसती. आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत. 'आपलं शेत' म्हटलं की ऐकणारा आत आला. 'आमचं शेत' म्हटलं की ऐकणारा कुंपणाबाहेर राहिला. इंग्रजीत दोन्हींना एकच अवर आणि कोरियनमध्ये एकच उरी. बोलणारा आपल्याला आत घेतो आहे की बाहेर ठेवतो आहे, ते नुसत्या शब्दावरून ओळखता येत नाही.

मला फार ओशाळल्यासारखं झालं. दोन दिवस मी मागचं दारच उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी हाल्मोनीने खिडकी ठोठावली. पायातल्या रबरी बुटाच्या टाचेने तिने मिरच्यांशेजारी मातीत एक रेघ ओढली. पलीकडच्या दोन ओळी दाखवल्या, मग माझ्या छातीवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या, आणि म्हणाली, "उरी." जे तोवर आमचं होतं, ते तिने टाचेने रेघ मारून आपलं केलं.

मी जे काही शेतीचं शिकले ते त्या दोन ओळींत. मी कुंडीतल्या तुळशीपलीकडे कधी काही लावलं नव्हतं. हाल्मोनी माझ्या हातातलं खुरपं काढून घ्यायची, करून दाखवायची, परत द्यायची आणि पुन्हा काढून घ्यायची. शरद ऋतूत गावाच्या डांबरी रस्त्यावर सगळ्यांच्या मिरच्या वाळत पडायच्या आणि मोटारी बाजूने जायच्या. थंडी सुरू झाली की अख्ख्या गावातल्या बायका मिळून किमचीसाठी, म्हणजे त्यांच्या कोबीच्या तिखट लोणच्यासाठी, कोबी मिठात घालायच्या. आमच्यात मासे चालत नाहीत म्हणून मी माझ्या कोबीला माशाचं पाणी लावू देत नसे, आणि हाल्मोनी दर वेळी नाक मुरडून शेजारणींना काहीतरी सांगायची. बायका माझ्याकडे बघून हसायच्या. पण माझा कोबी ती वेगळ्या घमेल्यात ठेवायची आणि त्या घमेल्याला दुसरं कोणी हात लावलेला तिला खपत नसे.

सोयाबीन शिजवून, कुटून त्याच्या विटा करायच्या, भाताच्या पेंढ्याने बांधून आढ्याला टांगायच्या, त्यांना बुरशी आली की मिठाच्या पाण्यात रांजणात सोडायच्या. पुढे त्याचं देनजांग होतं, म्हणजे आंबवलेली खारट चटणी. कोरियन माणसाचं जेवण त्याच्याशिवाय होत नाही. पाणी पुरेसं खारट झालं की नाही हे बघायला त्यात अंडं तरंगवायचं. मी अंडं खात नाही, पण तरंगवायला शिकले. वरून लाल मिरच्या आणि कोळशाचे तुकडे टाकायचे. ते बघून मला आपली दारावरची लिंबू-मिरचीच आठवली. मग रोज ऊन आलं की रांजणाचं झाकण काढायचं आणि कललं की लावायचं. "रांजणाला ऊन दाखवायचं, पाऊस दाखवायचा नाही," हे तिने मला हातवारे करून सांगितलं होतं.

आम्ही कोरियाहून परत निघालो तेव्हा ती रडली नाही. तिने मला खुरपं दिलं. ते अजून माझ्याकडे आहे.

आजोबा गेले तेव्हा तुम्ही लहान होतात. दिवसकार्य झाल्यावर मामा माझ्याशेजारी बसला आणि म्हणाला, "आई, तू एकटी इथे काय करणार? तिकडे आपलं घर आहे. चल." मी शब्द नीट ऐकला. आपलं घर. त्या एका शब्दावर मी पुण्याचं बिऱ्हाड मोडलं, भांडी वाटून टाकली आणि सिडनीतल्या क्वेकर्स हिलला आले.

घर छान आहे. विटांचं, बैठं, पुढे दोन गाड्यांचं गॅरेज. मला गॅरेजशेजारची खोली मिळाली. मामी तिला 'स्टडी' म्हणते. माझा पलंग म्हणजे दिवसा दुमडायचा सोफा. मामा घरून काम करतो तेव्हा मीटिंगसाठी त्याला ती खोली लागते. "आई, टू मिनिट्स हं," तो म्हणायचा, आणि मी वर्तमानपत्र घेऊन बाहेर पडायचे. बाहेर म्हणजे मागच्या अंगणात. तिथे नुसतं गवत होतं आणि कपडे वाळत घालायची फिरती छत्री. एकदा मी विचारलं, "इथे काही लावलं तर चालेल का?" मामा हसला. "अगं, विचारतेस काय? आपलंच बॅकयार्ड आहे. नांगर फिरव हवं तर."

मी नांगरच फिरवला म्हणा. इथली माती चिकणमाती, पावसात चिखल आणि उन्हात वीट. परदेशातून बी आणायची सोय नाही, विमानतळावरच काढून घेतात, म्हणून केन्निपची रोपं एका कोरियन दुकानातून आणली. त्याच दुकानात एका कोपऱ्यात धूळ खात पडलेला मातीचा रांजण मिळाला. ऋतू इथे उलटे. फेब्रुवारीत कोबी पेरायचा, मे-जूनमध्ये मिठात घालायचा. पांढरे काकाकुवे येऊन कोवळे शेंडे कुरतडायचे, मी ताट वाजवायचे, शेजारी कुंपणावरून "ऑल गुड, लव्ह?" विचारायचा. सोयाबीन आणि मीठ आणायला ब्लॅकटाउनला गाडी बदलून वेंटवर्थव्हिलला जायचे. विटा मी कपड्यांच्या छत्रीला टांगल्या होत्या. मामी म्हणाली, "आई, मला वाटलं कोणी बूट वाळत घातलेत."

मामीला बाग आवडायची. पाहुणे आले की ती त्यांना मागे घेऊन जायची. "आमच्या आईंची किमची, टोटली व्हेज," असं सांगून डबे भरून द्यायची. फक्त रांजणाचं झाकण उघडं असलं की हळूच म्हणायची, "आई, ते आजच उघडं हवं का? वास जरा स्ट्राँग आहे ना." मी झाकायचे. पण माझी सगळी सकाळ तिथे जायची, आणि त्या घरात तेवढी एकच जागा होती जिथून मला कोणी 'टू मिनिट्स' म्हणून उठवत नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, जेवताना मामा म्हणाला, "आई, मागे ग्रॅनी फ्लॅट बांधायचा विचार चाललाय."

वेंटवर्थव्हिलच्या आमच्या ज्येष्ठांच्या गटातली एक मैत्रीण ग्रॅनी फ्लॅटमध्येच राहते. मुलाने घरामागच्या अंगणात तिच्यासाठी बांधला आहे. स्वतःचं दार, स्वतःची किल्ली, स्वतःची शेगडी. ती म्हणते, "भाजीत हिंग किती घालायचा हे माझं मी ठरवते. ह्या वयात आणखी काय हवं?" मी तिचा मनातल्या मनात हेवा करत असे. आणि आता माझा मुलगा ताट पुढ्यात घेऊन ग्रॅनी फ्लॅट म्हणत होता. इंग्रजी मला येतंच. ग्रॅनी म्हणजे कोण हे काही शब्दकोशात बघावं लागलं नाही. त्या घरात एकच ग्रॅनी होती.

"आणि माझी भाजी?" मी विचारलं.

"ती काढावी लागेल गं. स्लॅब तिथेच येणार."

मला वाईट वाटलं, पण हिशेब पटला. बाग जाईल, दार मिळेल. मी म्हणाले, "चालेल. मला खिडकी मात्र पूर्वेला हवी. आणि दाराशी रांजणाला ऊन मिळालं पाहिजे."

मामाने मामीकडे पाहिलं. मामीने मोबाइलकडे पाहिलं. मग मामा म्हणाला, "बघू."

मराठी माणूस 'बघू' म्हणतो तेव्हा काय बघतो, हे मला या वयात कळायला हवं होतं.

बाग मी माझ्या हाताने काढली. मामा म्हणाला होता, कामगार येऊन मशीनने काढतील. मी म्हटलं, नको, मी लावली आहे, मीच काढते. हाल्मोनीच्या खुरप्यानेच काढली. केन्निपचं शेवटचं पान तोडून घेतलं, भोपळ्याचा मांडव उतरवला, सगळं हिरव्या झाकणाच्या बिनमध्ये भरलं. रांजण गॅरेजच्या सावलीत नेऊन ठेवला, तात्पुरता म्हणून. मामा खिडकीतून बघत होता. मी मान वर करून हात केला. त्यानेही केला.

मग बांधकाम सुरू झालं. एका रविवारी मामी मला फरशांच्या दुकानात घेऊन गेली. "आई, तुमचा चॉइस छान असतो, तुम्हीच सांगा." मी पायाखाली घसरणार नाहीत अशा खरबरीत, फिकट हिरव्या फरशा निवडल्या. बिल्डरला म्हटलं, न्हाणीघरात धरायला एक दांडी लाव. तो म्हणाला, "नो वरीज, लव्ह." नंतर मामा त्याला बाजूला घेऊन काही बोलला. दांडी आली नाही. मला वाटलं, शेवटी लावतात. पडद्याचं कापड मी स्वतः आणलं आणि संध्याकाळी कामगार गेल्यावर खिडक्या मोजून आले. वेंटवर्थव्हिलच्या मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, "ये गं बाई, तूही आता मालकीण झालीस. हिंग जपून वापर."

मी तिला काय काय सांगितलं ते आठवलं की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात.

फ्लॅट तयार झाला, त्या शनिवारी दिवस चांगला होता. मामा आणि मामी सकाळीच गाडी घेऊन बाहेर गेले. म्हटलं, त्यांना कशाला त्रास. नव्या घरात दूध उतू घालायचं असतं एवढंच. पातेलं, दूध, कुंकवाची कोयरी आणि गणपतीची छोटी मूर्ती घेऊन मी फ्लॅटमध्ये गेले. नव्या कोऱ्या शेगडीवर दूध ठेवलं. फरशीवर अनवाणी उभी राहिले. पूर्वेच्या खिडकीतून ऊन आत येत होतं. म्हणजे मामाने ऐकलं होतं, असं मी तेव्हा समजले.

दारावर टकटक झाली. एक तरुण मुलगी उभी होती, गळ्यात वेस्टमीडच्या कुठल्याशा लॅबचं ओळखपत्र. "गुड मॉर्निंग. मी इन्स्पेक्शनला आलेय. जरा लवकर आले, सॉरी."

आपल्याकडे इन्स्पेक्शनला सरकारी माणूस येतो. मला वाटलं, कौन्सिलकडून आली असेल. मी तिला नीट सगळं दाखवलं. फरशा घसरत नाहीत हे पाय घासून दाखवलं. न्हाणीघरात म्हटलं, इथे दांडी यायची आहे, माझ्या गुडघ्यांसाठी. ती मान डोलवत होती, पण तिचा चेहरा गोंधळलेला होता. शेवटी तिने फार अदबीने विचारलं, "आणि तुम्ही कधी मूव्ह आउट करताय?"

"आउट?" मी म्हणाले. "आउट नाही. इन. माझ्यासाठीच तर बांधलाय. ग्रॅनी फ्लॅट आहे ना, आणि ग्रॅनी मी."

मी हसले. ती हसली नाही. तिने मोबाइल काढला आणि माझ्यापुढे केला. माझ्या हिरव्या फरशा होत्या. माझी पूर्वेची खिडकी होती. वर लिहिलं होतं: नवा कोरा ग्रॅनी फ्लॅट, भाड्याने देणे आहे, नोकरदार व्यक्ती किंवा जोडप्यासाठी योग्य. खाली, बघायला यायची वेळ आजचीच.

तेवढ्यात दूध उतू गेलं.

"आइगो!" ती मुलगी ओरडली आणि शेगडीकडे धावली. बाहीनेच पुसायला लागली. माझ्या तोंडून कुठून कोण जाणे, इतक्या वर्षांनी हाल्मोनीचा शब्द निघाला, "क्वेंचाना, क्वेंचाना," म्हणजे असू दे, असू दे. आणि इंग्रजीत म्हटलं, "ते उतू जायचंच असतं."

ती थबकली. म्हणाली, "तुम्ही माझ्या गावाकडच्या आजीसारखं बोलता." मग तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. मला नाही आलं. मी दुधाचे ओघळ बघत उभी होते.

मामाची गाडी आली ती एजंटच्या गाडीमागोमाग. मामा दारात आला, आधी मुलगी दिसली, मग पातेलं, मग गणपती, मग मी.

"अरे, आई, तू इथे?"

एवढंच. जणू मी चुकून दुसऱ्यांच्या घरात शिरले होते.

दुपारी जेवणं झाल्यावर मी दोघांना समोर बसवलं.

"मला काय वाटतंय हे तुला माहीत होतं की नाही?"

"अगं आई, मागे बांधलेल्या कुठल्याही छोट्या घराला इथे सगळे ग्रॅनी फ्लॅटच म्हणतात. इट्स जस्ट अ टर्म. हॉटडॉगमध्ये काय खरा कुत्रा असतो का?"

"नसतो. पण हॉटडॉगचा पाव कुठला घ्यायचा हे तू कुत्र्याला विचारत नाहीस. माझ्याकडून तुम्ही फरशा निवडून घेतल्यात."

मामी म्हणाली, "आई, तुम्ही इतक्या खूश होतात, सांगायचं कसं तेच कळेना. आणि खरं सांगू? तुम्ही एवढ्या इंग्लिश शिकलेल्या, आम्हाला आधी वाटलं तुम्हाला माहीतच असेल."

"मी पडदे मोजले तेव्हाही वाटलं?"

ती टेबल पुसायला लागली.

मी मामाला विचारलं, "मी खूश होते म्हणून सांगितलं नाहीस, की मी माझ्या हाताने बाग काढत होते म्हणून? तू खिडकीतून बघत होतास. मी हात केला तेव्हा तूही केलास."

तुमचा मामा लहानपणी खोटं बोलला की उजवा कान चोळायचा. तो कान चोळत होता. "कसं आहे ना आई," तो म्हणाला, "आमचंही काही प्लॅनिंग असतं. मॉर्गेज आहे. शेवटी आमचं घर आहे हे, आम्हालाच..."

आणि तो थांबला. त्यालाही ऐकू आलं असावं.

आमचं.

इंग्रजीत बोलला असता तर 'अवर होम' म्हणाला असता, आणि मी अजून कितीतरी वर्षं त्या अवरमध्ये सुखाने बसून राहिले असते. आता कळलं, ही गोष्ट मराठीत का लिहिली? एका परक्या बाईने मातीत टाचेने रेघ ओढून मला आत घेतलं होतं. माझ्या पोटच्या मुलाने तोंडाने 'आपलं' म्हणून मला इतक्या दूर आणलं, आणि रेघ कुठे आहे ते बाग निघून जाईपर्यंत दिसू दिलं नाही.

मामा वाईट माणूस आहे असं मी लिहीत नाही. तो मला डॉक्टरकडे नेतो, गोळ्या संपायच्या आत आणून ठेवतो. त्याने मला फसवलं, हेही तितकंच खरं आहे. त्याने नंतर माफी मागितली. म्हणाला, "सॉरी, आई, तुला वाईट वाटलं त्याबद्दल." मला वाईट वाटलं त्याबद्दल. जे केलं त्याबद्दल नाही. माझं इंग्रजी आणि माझं मराठी, दोन्ही एवढं बारीक ऐकण्याइतकं अजून शाबूत आहे.

ती लॅबमधली मुलगी फ्लॅटमध्ये राहायला आली. एके दिवशी तिने गॅरेजच्या सावलीतला रांजण पाहिला आणि झाकण उघडून डोळे मिटून वास घेतला. सावलीत राहून त्यावर पांढरी बुरशी धरली होती. "हाल्मोनी, याला ऊन हवं. माझ्या दाराशी ठेवू? तुम्ही रोज सकाळी या, झाकण उघडायला." मोठ्या मनाची मुलगी आहे. आम्ही दोघींनी तो लोटत तिकडे नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. जे दार माझं समजले होते ते ठोठावलं. चपला बाहेर काढल्या, दारातच माझ्या फिकट हिरव्या फरशीवर उभी राहिले, आत यायला तिने हो म्हणायची वाट बघत. ती चहा घ्या म्हणाली. मी घेतला. पुन्हा गेले नाही. रांजण आता तिचाच. झाकण ती वेळेवर काढते आणि लावते, मी स्टडीच्या खिडकीतून बघते.

आता तुमचं काम.

मागच्या आठवड्यात मी हे सगळं तुमच्या आईला फोनवर सांगितलं. म्हणून तर परवा तुमच्या प्रश्नावर तिने एवढी घाई केली. फोनवर ती खूप चिडली, रडली, आणि म्हणाली, "आई, जस्ट कम टू अस. इट्स अवर होम, तू कधीही ये." तुमची आई भावनेच्या भरात नेहमी इंग्रजीत शिरते, त्यात तिचा काही दोष नाही, ती सवय माझीच. पण मला त्या वाक्यावरून काही ठरवता येत नाही. एका अवरवर मी एकदा पानं खुडली आणि एका आपलंवर बिऱ्हाड मोडलं.

तेव्हा तुम्ही तिच्याकडून ते मराठीत काढून घ्या. सरळ विचारू नका. सरळ विचारलं की ती विचार करून बोलेल, आणि विचार करून सगळेच 'आपलं' म्हणतात, तुमच्या मामानेही म्हटलं होतं. तुमच्याशी बोलताना ती 'आपल्याकडे'च म्हणणार, म्हणून ती भाजी चिरत असताना किंवा ऑफिसला निघायच्या घाईत सहज म्हणा, आजी आली तर कुठे झोपेल, तिला काय निरोप देऊ? मग माझ्यासाठी तिच्या तोंडून पटकन काय निघतं ते ऐका. 'आपल्याकडे जागा आहे' म्हणते की 'आमच्याकडे'. जे म्हणेल ते जसंच्या तसं मला लिहा. माझी समजूत काढायला म्हणून शब्द बदलू नका.

बॅग मी कपाटावरून काढून ठेवली आहे. खुरपं भरलं आहे. बाकी काही भरलेलं नाही.